३-९×४० स्कोपचा रिव्ह्यू: पाच आठवडे, सहाशे छर्रे आणि एक हट्टी टरेट

स्कोप म्हणजे रायफलीवर लावायची नेमाची दुर्बीण. आधी तिचा निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्याला पुढे वाचायची गरज नाही. पाचपैकी साडेतीन तारे. पहिला नग सदोष निघाला, बदलून आलेला दुसरा चांगला आहे. मात्र पहिला सदोष आहे हे ठामपणे म्हणायला मला पाच आठवडे आणि सहाशेच्या आसपास छर्रे लागले, कारण त्यातले चार आठवडे मी माझ्याच चुका निस्तरत होतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. एका नगावरून अख्ख्या घराण्याला नावं ठेवू नयेत, आणि तसंही पुढची निम्मी कहाणी कुठल्याही कंपनीच्या स्कोपला लागू पडते.

मी टर्नर होतो, सदतीस वर्षं लेथवर. शतांश मिलिमीटरचा खेळ बोटांना कळतो असा माझा तोरा आहे, आणि या प्रकरणात तोच आडवा आला. रायफल म्हणजे स्प्रिंगवर चालणारी एअर रायफल, ४.५ मिलिमीटरची, नळी बिजागरीवर खाली मोडून कॉक करायची, म्हणजे आतली स्प्रिंग ताणायची. साध्या उघड्या साइटवर ती २५ मीटरवर पाच छर्रे २५ ते ३० मिलिमीटरच्या वर्तुळात टाकायची; या पसाऱ्याला ग्रुप म्हणतात. हा आकडा लक्षात ठेवा. मी विसरलो होतो. डोळ्यांना आता मागची खाच, पुढची साइट आणि टार्गेट ही तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत, म्हणून स्कोप घेतला. तीन ते नऊ पट, पुढची लेन्स ४० मिलिमीटरची, नळी एक इंचाची, पाव एमओएचे क्लिक. एमओए हे कोनाचं माप, ते पुढे सांगतो; क्लिक म्हणजे आतल्या नेमाच्या रेघा (क्रॉसहेअर) सरकवणाऱ्या बटणाचा, टरेटचा, एकेक टप्पा. पेटीतच स्कोप रायफलीवर धरायच्या दोन रिंगा आणि एक ॲलन की. त्या ॲलन कीबद्दल शेवटी बोलूच.

पहिल्या दिवशी स्कोप चढवला, रिंगा हाताला बऱ्या वाटेपर्यंत आवळल्या आणि बसलो. पहिला छर्रा टार्गेटच्या खाली, कागदाच्या बाहेर. मोठा पुठ्ठा लावला तेव्हा कळलं की मारा सोळा सेंटिमीटर खाली आहे. क्लिक फिरवले, वर आला. मग थोडा डावीकडे. चार क्लिक उजवीकडे. पुढचा छर्रा आणखी डावीकडे! सहा क्लिक उजवीकडे. आता एकदम उजवीकडे. चाळीस छर्रे झाले तेव्हा पुठ्ठ्यावर कांजिण्या उठल्यासारख्या दिसत होत्या. घरी येऊन सांगितलं, "स्कोप झिरो होत नाही." म्हणजे नेम धरला तिथेच छर्रा लागेल असा तो जुळत नाही.

मुलगी माझ्यापेक्षा चांगली नेमबाज आहे. ती म्हणाली, "बाबा, झिरो होत नाही म्हणजे काय होतं नेमकं? ग्रुप बसतो पण भलतीकडे बसतो, का ग्रुपच बसत नाही? बसलेला ग्रुप दुसऱ्या दिवशी सरकतो, का क्लिक फिरवून हलतच नाही?"

मला यातलं काहीच सांगता येईना. कारखान्यात एखादा पोरगा "मशीन नीट चालत नाही" म्हणत आला असता तर मीच त्याला हाकलून दिलं असतं, आधी नीट बघून ये म्हणून. तिचे ते प्रश्न म्हणजे चार वेगळी दुखणी आहेत आणि चारांची औषधं वेगळी. माझ्या रायफलीला चारही थोडी थोडी होती, म्हणून तर एवढा गोंधळ.

सगळ्यात आधी क्लिकचं गणित, कारण पहिल्या दिवशी मी तिथेच आपटलो. एक एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो २९ मिलिमीटर भरतो. पाव एमओएचा एक क्लिक १०० मीटरवर सव्वासात मिलिमीटर, २५ मीटरवर त्याच्या चौथाई, म्हणजे १.८ मिलिमीटर. आणि १० मीटरवर जेमतेम पाऊण मिलिमीटर. मी चार क्लिक फिरवत होतो, म्हणजे सात मिलिमीटर. माझ्या रायफलीचा ग्रुपच ३० मिलिमीटरचा. सात मिलिमीटरची हालचाल त्यात कुठे दिसणार? एक छर्रा डावीकडे गेला की मी त्याच्यामागे धावत होतो आणि तो तर ग्रुपच्या नेहमीच्या पसाऱ्यातलाच एक होता. प्रत्येक छर्ऱ्यामागे टरेट फिरवणं म्हणजे मापात असलेल्या जॉबला उगाच कट देत बसणं.

तेव्हापासूनचा माझा नियम: टरेटला हात लावायचा नाही, पाच छर्रे मारायचे, पाचांचा मध्य पट्टीने काढायचा, मग मिलिमीटर भागिले १.८ एवढे क्लिक एकदाच फिरवायचे. तीन छर्ऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. तीन कधीकधी योगायोगाने एकाच भोकात जातात आणि माणूस हवेत तरंगतो.

आणखी एक मूर्खपणा कबूल करतो. त्याच आठवड्यात मी छर्ऱ्यांचा डबा बदलला होता. आधीचे ०.५१ ग्रॅमचे, नवे ०.५५ ग्रॅमचे. जड छर्रा खाली जाणार हे उघड आहे, पण तो माझ्या नळीला तितकासा मानवतही नव्हता, ग्रुप दीडपट पसरला. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की दोष कोणाचा ते कधीच कळत नाही. जुन्या डब्यावर परत आलो.

आता रिंगांच्या पकडीचा भाग, ज्यावर मी दोन आठवडे घालवले. माझ्या मते "स्कोप झिरो होत नाही" म्हणणाऱ्या दहातल्या बहुतेकांचं दुखणं इथेच असतं.

स्प्रिंगच्या एअर रायफलीचा धक्का बंदुकीपेक्षा निराळा. ट्रिगर ओढला की जड दट्ट्या जोरात पुढे सुटतो, त्यामुळे रायफल मागे सरकते. मग दट्ट्या पुढच्या दाबलेल्या हवेवर आपटून थांबतो आणि रायफल पुढे हिसकली जाते. हे सगळं छर्रा नळीत असतानाच. वर बसलेला स्कोप पहिल्या धक्क्याला एकीकडे आणि दुसऱ्याला दुसरीकडे ओढला जातो. बंदुकीसाठी बनवलेले पुष्कळ स्कोप फक्त मागच्या धक्क्याचा विचार करून बांधलेले असतात; पुढच्या हिसक्याने आतले भाग हलतात. म्हणून पेटीवर स्प्रिंग एअर रायफलीसाठी चालेल असं स्पष्ट लिहिलंय का ते बघावं. माझ्या पेटीवर "सर्व प्रकारच्या रायफलींसाठी" एवढंच मोघम होतं. अर्धा तारा तिथे गेला.

मी पेन्सिलीने रिंगेच्या मागे डव्हटेलवर (रायफलीवरची रिंगा बसवायची खाच) एक बारीक रेघ मारली आणि स्कोपच्या नळीवर रिंगेला लागून दुसरी. तीस छर्ऱ्यांनंतर बघतो तर रिंगा डव्हटेलवर दीड मिलिमीटर मागे आलेल्या! स्कोपची नळीही रिंगांत केसभर घसरलेली. मी क्लिक मोजत होतो आणि इकडे अख्खं बिऱ्हाडच मागे चाललं होतं. मागे का, तर रायफल पुढे हिसकते तेव्हा स्कोप जागच्या जागी राहू बघतो. त्यासाठी रिंगेच्या पोटात एक स्टॉप पिन असते, ती रायफलीवरच्या भोकात उतरवायची. माझ्या रिंगांना पिन होती, रायफलीवर भोकही होतं, फक्त मी पिन वर चढवून ठेवली होती कारण ती "मध्ये येत होती". सदतीस वर्षांचा अनुभव!

मग सगळं उतरवलं. रायफल रिकामी आहे आणि कॉक केलेली नाही हे दोनदा बघितलं. स्प्रिंगच्या रायफलीबरोबर मस्करी नको. डव्हटेल आणि रिंगांच्या आतल्या बाजू स्पिरिटने पुसल्या, कारण नव्या मालावर गंजू नये म्हणून तेल असतं आणि तेलावर पकड बसत नाही. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन रिंगांचे दोन्ही काठ तपासले. एका बाजूची फट ०.९, दुसऱ्या बाजूची ०.३. म्हणजे मी एका बाजूचे स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेलो होतो. असं केलं की वरची टोपी तिरकी बसते आणि आवळताना स्कोपची नळी पिळली जाते. चारही स्क्रू आडव्या जोडीने, पाव-पाव फेरा देत आवळायचे, फट दोन्हीकडे सारखी ठेवत. टॉर्क ड्रायव्हर (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा) असेल तर रिंगांच्या वरच्या स्क्रूंना साधारण १५ ते १८ इंच-पौंड, म्हणजे दोन न्यूटन मीटरच्या आतबाहेर. ऐकायला कमी वाटतं. पहिल्या वेळी मी मनगटाच्या जोरावर याच्या दुप्पट तरी दिलं असणार, कारण नळीवर रिंगेच्या कडेचा वळ उमटला होता. त्या पातळ ॲल्युमिनियमच्या नळीच्या आत क्रॉसहेअर धरणारी दुसरी नळी हलत असते. बाहेरची चेपली तर आतली अडकणार. आणि मग आपण म्हणणार, क्लिक लागत नाहीत.

स्कोप सरळ बसवायचं तंत्र सगळ्यांना माहीत असतं, करत कोणी नाही. ओळंबा टांगा. रायफल लेव्हलला धरा. उभी क्रॉसहेअर ओळंब्याच्या दोरीशी जुळवा, मग आवळा. माझी तीनेक अंशांनी तिरकी होती. तेवढ्याने काय होतंय असं वाटतं, पण सोळा सेंटिमीटर वर चढवायचं असेल तर तीन अंशांत मारा आठ मिलिमीटर बाजूला जातो. वर फिरवला की बाजूला का सरकतो, हे माझं एक कोडं इथे सुटलं.

दस्त्याचे स्क्रूही तपासले. पुढचे दोन सैल होते, एक तर बोटाने फिरत होता. या दोषाचा स्कोपशी काडीचा संबंध नाही, तरी शिव्या स्कोपनेच खाल्ल्या. स्प्रिंगची रायफल हे स्क्रू सतत सैल करते. आता दर पन्नास-साठ छर्ऱ्यांनी हात लावून बघतो.

एवढं झाल्यावर ग्रुप ३५ मिलिमीटरवर आला. पण उभा. पाचही छर्रे एकाखाली एक, आडवा पसारा जेमतेम पंधरा. असा उभा ग्रुप आला की मला आता पहिला संशय टरेट टोकाला गेल्याचा येतो.

नळी मोडून कॉक करायच्या रायफलींत नळी बिजागरीवर बसते आणि बहुतेकदा पुढच्या टोकाला किंचित खाली झुकलेली असते. उघड्या साइटला ते कळत नाही, कारण तिथे पुढची साइट नळीवरच असते, मागचीही बऱ्याचदा नळीच्याच मुळाशी. नळी जाईल तिकडे त्या जातात. स्कोप मात्र मागच्या भागावर बसतो आणि सरळ बघतो. म्हणून माझा मारा सोळा सेंटिमीटर खाली होता. तो वर आणायला मी ८८ क्लिक वर दिले होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजले तर एकूण २४८ भरले, म्हणजे मध्यापासून १२४. वर फक्त ३६ उरले. आता आतली रचना बघा: टरेटचा स्क्रू वरून आतल्या नळीला दाबतो आणि समोरून एक स्प्रिंग तिला परत स्क्रूवर रेटते. वर-वर क्लिक देत गेलं की स्क्रू बाहेर येतो, स्प्रिंग सैल होत जाते. टोकाजवळ ती इतकी ढिली पडते की प्रत्येक धक्क्याला आतली नळी थोडी कुठेतरी वेगळी बसते. क्लिकचा आवाज येतो, बोटाला टकटक लागते, पण आतलं काही जागेवर नसतं.

उपाय म्हणजे टरेट मध्याजवळ आणायचा आणि उरलेला उतार माउंटमध्ये, म्हणजे स्कोप धरणाऱ्या बैठकीत, द्यायचा. मी आधी टर्नरगिरी केली. मागच्या रिंगेखाली पाव मिलिमीटरची पितळी शिम, म्हणजे पातळ पट्टी. दोन रिंगांत १०० मिलिमीटर अंतर, म्हणून पाव मिलिमीटरने २५ मीटरवर ६२ मिलिमीटर वर. हिशेब तंतोतंत उतरला, छाती फुगली. लगेच अर्धा मिलिमीटर करून बघितलं, आणि स्कोपच्या नळीवर दुसरा वळ! दोन रिंगा एका रेषेत नसतील तर सरळ नळी त्यात वाकणारच, ते मलाच कळायला हवं होतं. पातळ शिम एखादी चालेल, जाड नको. शेवटी २० एमओए उतार असलेला एकसंध माउंट घेतला. त्याने २५ मीटरवर १४५ मिलिमीटर भरून काढले, उरलेल्या पंधराला आठ क्लिक. टरेट मध्याशी, ग्रुप गोल. या माउंटचे पैसे स्कोपच्या खात्यावर टाकणार नाही, नळी झुकलीय ती रायफलीची.

तरीही रोज सकाळी पहिला ग्रुप कालच्यापेक्षा दहा-बारा मिलिमीटर इकडेतिकडे. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. म्हणाली, "बाबा, तुमचा गाल दर वेळी वेगळ्या जागी टेकतोय."

पॅरलॅक्स. माहितीपत्रकात लहान अक्षरांत होतं की हा स्कोप १०० यार्डांवर पॅरलॅक्सरहित आहे. बंदुकीसाठी ठीक. पण २५ मीटरवर टार्गेटची प्रतिमा आणि क्रॉसहेअर आतमध्ये एका पातळीत पडत नाहीत, म्हणून डोळा मध्यातून हलला की क्रॉसहेअर टार्गेटवरून सरकते. रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवा, हात काढा, आणि नुसतं डोकं वर-खाली हलवा. क्रॉसहेअर टार्गेटवर फिरताना दिसेल. ४० मिलिमीटरच्या लेन्सला या अंतरावर डोळा अगदी काठावर असेल तर चूक चौदा मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. माझे दहा-बारा मिलिमीटर कुठून येत होते ते कळलं. दस्त्यावर गालासाठी फोमची पट्टी चिकटवली, डोळा आपोआप मध्यात यायला लागला, आणि सवय लावली: आतलं चित्र सगळीकडून सारखं गोल दिसलं, काठाला काळी कोर नाही, मगच ट्रिगर. जवळच्या अंतरावर मारणाऱ्याने पुढची लेन्स फिरवून दहा-पंधरा मीटरपर्यंत जुळवता येणारा स्कोप घ्यावा. कंपनी "सर्व प्रकारच्या रायफली" म्हणते आणि एअर रायफलवाल्याला १०० यार्डांचा पॅरलॅक्स देते, हे मला पटत नाही. आणखी अर्धा तारा.

इथवर चार आठवडे. सगळे आरोप एकेक करून माझ्यावर किंवा रायफलीवर आले होते, आणि खरं सांगतो, स्कोपची मनातल्या मनात माफीही मागून झाली होती. ग्रुप ३० मिलिमीटरचा, गोल, रोज त्याच जागी. फक्त तो वीस मिलिमीटर डावीकडे होता. म्हणून अकरा क्लिक उजवीकडे दिले.

ग्रुप हललाच नाही. पुढच्या पाचांत पहिले दोन जुन्या जागी, तिसरा मध्ये, शेवटचे दोन उजवीकडे पोचलेले. पाच क्लिक डावीकडे परत दिले तर तीच तऱ्हा, उशिरा आणि अर्धवट.

लेथवर काम केलेल्याला हे बघून हसू येईल. क्रॉस-स्लाइडचा स्क्रू झिजला की हँडल फिरतं, डायलवर आकडा सरकतो, पण टूल तिथेच. मग काप घेताना धक्का बसला की एकदम उडी. आम्ही त्याला बॅकलॅश म्हणतो आणि त्यावरचा देशी उपाय म्हणजे पुढे जाऊन परत येणं, नेहमी एकाच बाजूने मापावर यायचं. इथेही तेच केलं: उजवीकडे जास्त दहा क्लिक, मग दहा परत, टरेटच्या टोपीवर हलके टिचकी. थोडा फरक पडला. पण नव्या स्कोपला टिचक्या मारून चालवायचं असेल तर तो घेतला कशाला?

आता मात्र पुरावा हवा होता. मुलीचा जुना स्कोप माझ्या माउंटवर चढवला. पाच छर्रे २४ मिलिमीटर, अकरा क्लिक दिले, वीस मिलिमीटर हलला, परत दिले, परत आला. रायफल, माउंट, गाल, छर्रे सगळे निर्दोष. मग माझा स्कोप तिच्या भरलेल्या हवेच्या रायफलीवर, जिला धक्का जवळपास नाहीच आणि जी २५ मीटरवर बारा मिलिमीटरचा ग्रुप देते. वीस क्लिक उजवीकडे, म्हणजे ग्रुप ३६ मिलिमीटर सरकायला हवा. पहिल्या पाचांचा मध्य २१ वर. एवढ्या नेमक्या रायफलीवर तो फरक लपायला जागाच नव्हती. तुम्हाला वेळ वाचवायचा असेल तर ही अदलाबदल पहिल्याच दिवशी करा. एका संध्याकाळीत कळतं की दोष स्कोपच्या बाजूला आहे की रायफलीच्या. मी ती शेवटी केली कारण मुलीकडे स्कोप मागायचा मला कमीपणा वाटत होता.

शेवटची चाचणी छर्ऱ्याशिवाय. हीच मला सगळ्यात आवडली आणि कोणालाही करता येईल. स्कोप व्हाइसमध्ये धरला, जबड्यांना चामडं लावून, नळी चेपणार नाही इतपतच. व्हाइस जड टेबलाला बोल्टने बांधला. २५ मीटरवर दहा-दहा मिलिमीटरच्या चौकोनांचा कागद भिंतीला. क्रॉसहेअर एका चौकोनाच्या कोपऱ्यावर आणली. मग चाळीस क्लिक वर, चाळीस उजवीकडे, चाळीस खाली, चाळीस डावीकडे. चौकोन पूर्ण होऊन क्रॉसहेअर निघाली त्याच कोपऱ्यावर परत यायला हवी. प्रत्येक बाजू ७३ मिलिमीटर. माझ्या स्कोपचं वर ७३, खाली ७३, अगदी सुरेख. उजवीकडे ७०. डावीकडे परत येताना ५८ वर थांबला. टेबलावर मूठ आपटली तशी क्रॉसहेअर डोळ्यांदेखत नऊ मिलिमीटर सरकली. तीनदा केलं, तिन्ही वेळा कागदावर लिहिलं. माझा अंदाज असा की आडव्या बाजूची आतली स्प्रिंग कमजोर होती किंवा कुठेतरी बर्र, म्हणजे धातूची बारीक कड, राहिली होती. उघडून बघायचा मोह फार झाला. उघडला नाही, कारण आत कोरडा नायट्रोजन भरलेला असतो, तो गेला की धुकं धरतं, आणि वॉरंटीही जाते.

सेवेबद्दल. तक्रार पाठवली तर पहिलं उत्तर ठरावीक आलं: रिंगांचे स्क्रू तपासा, दुसरे छर्रे वापरून बघा. चार आठवड्यांपूर्वी हे उत्तर आलं असतं तर त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. मी तीन मापांचा कागद, दोन रायफलींचे टार्गेट आणि दुसऱ्या स्कोपचं टार्गेट यांचे फोटो पाठवले. त्यानंतर एकही प्रश्न आला नाही. नग परत मागवला आणि अकराव्या दिवशी नवा हातात. याला पूर्ण गुण. फक्त एक, नळीवरचे ते दोन वळ त्यांनी बघितले असणार आणि तरी काही बोलले नाहीत. मनाचा मोठेपणा म्हणायचा.

नवा नग रायफलीवर चढवण्याआधीच व्हाइसमध्ये धरला. चारही बाजू ७३, परतीला फरक एका मिलिमीटरच्या आत. आजवर पाचशेवर छर्रे झालेत, झिरो जागेवर आहे, पेन्सिलीच्या रेघाही. झिरो झाल्यावर टरेटचा बारीक स्क्रू सैल करून आकड्याची रिंग शून्यावर आणून ठेवली.

काचेबद्दल पटकन. सहापटीपर्यंत चित्र कडेपर्यंत स्वच्छ, नऊपटीला काठ मऊ होतात आणि संध्याकाळी अंधुक. मी सहावरच ठेवतो. डोळ्यापासूनचं अंतर भरपूर, भुवई फुटायची भीती नाही. पट बदलायची रिंग थंडीत घट्ट होते. पट बदलल्यावर झिरो हलतो का ते मुद्दाम बघितलं, तीनला आणि नऊला एकाच जागी मारतो.

राहिली ती ॲलन की. पेटीतली. तिसऱ्यांदा आवळताना तिचे कोपरे गोल झाले आणि तिने जाताना एका स्क्रूची खाचही सोबत नेली. तो स्क्रू मला ड्रिलने काढावा लागला, स्कोपच्या लेन्सपासून चार बोटांवर, श्वास रोखून. शेवटचा अर्धा तारा तिचा. पेटी उघडलीत की ती बाजूला ठेवा आणि स्वतःची चांगली घ्या.